दुसरा ठोका

ताई गेली ते मला आधी कॉलनीच्या ग्रुपवर कळलं, पण कळलं नाही. "चौकात जाम आहे, पलीकडच्या रस्त्याने जा," एवढाच निरोप होता. खाली कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलेलं आणि त्याखाली एकाने विचारलेलं, साधारण किती वेळ लागेल मोकळं व्हायला? मी भाजीला निघाले होते. मुकाट्याने स्कूटर वळवली, पलीकडच्या रस्त्याने गेले, सकाळी सकाळी रस्ता अडवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली, मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घातली... पिशवी हँडलला अडकवत होते तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा आमचा थोरला भाऊ. पिंपळगाव बसवंतला राहतो, वडिलांच्या माघारी तोच ट्रक चालवतो, म्हणजे चालवून घेतो. नाशिकच्या चौकात काय झालं ते पिंपळगावला आधी पोचलं, कारण मागे अडकलेल्या गाड्यांत एक त्याच्या ओळखीचा ड्रायव्हर होता आणि त्याने ताईला ओळखलं होतं. "शालू, कुठं हायेस तू? गाडी बाजूला घे," दादा म्हणाला. मी म्हटलं, घेतलीच आहे, बोल. "विमल गेली."

याला आता दोन महिने होत आले. पुरवणीसाठी लिहा असं सांगणाऱ्या बाईंनी मला फोनवर सुचवलं, थोडं हळवं लिहा, वाचकांना आवडतं. हळवं मला जमत नाही हो. ताईला जमायचं. ती बालवाडी चालवायची, अडतीस पोरांची नाकं पुसायची आणि प्रत्येकाला 'राजा' म्हणायची. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, मला सगळे घाबरायचे आणि ते मला आवडायचं. तेव्हा हा लेख जसा येईल तसा घ्या. त्या चौकाचं नावही मी लिहीत नाही. हायवेचा पूल वर, खाली चारी बाजूंनी येणारे रस्ते, एका अंगाला औद्योगिक वसाहतीकडे वळणारा फाटा आणि कोपऱ्यावर चहाची टपरी. नाशिकमध्ये असे चौक काही एक-दोन नाहीत. तुम्ही राहता तिथलाच समजा, फार चुकणार नाही.

दु:खाला आलेल्या माणसांनी पहिलं काय विचारलं, सांगू? "हेल्मेट होतं का?" बसायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी. होतं. निळं होतं, पोरांनी त्यावर चांदण्या चिकटवल्या होत्या. भरलेल्या कंटेनरचं मागचं चाक अंगावरून गेल्यावर हेल्मेटने काय करायचं असतं ते मात्र कोणी सांगितलं नाही. विचारणाऱ्याला बहुतेक एवढंच हवं असतं की मेलेल्या माणसाचं काहीतरी चुकलेलं असावं, म्हणजे आपण सुटलो. एक बाई तर म्हणाल्या, या वयात सायकल कशाला चालवायची, रिक्षा असतात ना. मी त्यांना चहा विचारला नाही. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कानाने कमी ऐकतात. पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं.

आमचं लहानपण ट्रकच्या सावलीत गेलं असं म्हटलं तर कोणाला वाटेल मी सजवून सांगते आहे, पण ते तसंच होतं. पिंपळगावला घरासमोरच मोकळी जागा होती, तिथे अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, ट्रक उभा असायचा आणि उन्हाळ्यात आम्ही भावंडं त्याच्याखालीच खेळायचो. हंगामात द्राक्षं, एरवी कांदा. अण्णा स्वतः चालवायचे आणि डावीकडे बसायचा काशिनाथ, सुरगाण्याकडचा, आमचा क्लीनर. आता क्लीनर म्हटलं की लोकांना वाटतं गाडी पुसणारा. पुसायचा तो, चाकांची हवा बघायचा, ताडपत्री बांधायचा, पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. गल्लीत, बाजार समितीत, अडचणीच्या वळणावर तो डावीकडच्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळायचा आणि हाताने पत्रा वाजवायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. बाकी ओरडाआरडा काही नाही. अण्णांचं लक्ष समोर असायचं आणि कान त्या पत्र्याकडे. एक ठोका पडला की त्यांचा पाय ब्रेकवर गेलाच, का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं, मग विचारायचं.

एकदा मी अण्णांना विचारलं होतं की तुम्ही स्वतः का बघत नाही, आरसा आहे की. मी तेव्हाही उलटंच बोलायची. अण्णांनी मला उचलून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि ताईला म्हणाले, विमल, जा गं, गाडीच्या डाव्या अंगाला उभी राहा, दारापाशी. ताई पळत गेली. नवा लाल फ्रॉक होता तिच्या अंगात, दुरूनही नजरेत भरायचा. अण्णा म्हणाले, दिसती का तुझी ताई? मी खिडकीतून बघितलं, आरशात बघितलं, गुडघ्यावर उभी राहून मान लांब केली. नाही दिसली. तिकडून ती हसत होती ते ऐकू येत होतं, पण ती नव्हतीच तिथे. मी घाबरून रडायला लागले. मग ताईने खालून पत्र्यावर हात मारला, एकदा, आणि ओरडली, "इथेच आहे गं, थांब." अण्णा म्हणाले, म्हणून काशिनाथ लागतो. तो नसला तर या बाजूला गाडी आंधळी. आणि मग त्यांनी आम्हाला मागची चाकंही दाखवली, वळताना ती पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आत कापतात, म्हणून वळणाऱ्या गाडीच्या पोटाशी कधी थांबायचं नाही. ही शिकवण आम्हा तिघांना अक्षरओळखीच्या आधी मिळाली. दादाला तर नक्कीच, तो अभ्यासात असा काही दिवेच लावत होता.

ताईच्या अंगात तो ठोका मुरला तो मुरलाच. कोणीही निघालं की ही दोन ठोके द्यायची. रिक्षाच्या टपावर, एसटीच्या अंगावर, माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर. दोन ठोके, म्हणजे जा आता, मागचं मोकळं आहे, मी बघितलंय. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी मांडवात रडारड चाललेली, आई गाडीचं दार सोडेना, मी दार लावू देईना, सासरची मंडळी घड्याळं बघतायत आणि ही बया पुढे झाली आणि तिने गाडीच्या डिकीवर धाड धाड असे दोन ठोके घातले. ड्रायव्हर पिंपळगावचाच होता. त्याने गाडी काढली ना. आईचा पदर दारात अडकता अडकता राहिला. सासूबाई पुढे कित्येक वर्षं सांगायच्या की हिच्या बहिणीने हिला ढकलून दिली. ताई त्यावर म्हणायची, ढकललं नाही काही, डावी बाजू बघून मग सोडली.

लग्नानंतर ताई नाशिकला आली, दोन-चार वर्षांनी मीही आले. दाजी कारखान्यात होते, तिने घराजवळ जागा मिळेना म्हणून हायवेच्या पलीकडच्या वस्तीत बालवाडी काढली आणि रोज सायकलने जायला लागली. लेडीज सायकल, पुढे वेताची टोपली, टोपलीत खडू, चिंचोके, कोणाची तरी राहिलेली डब्याची पिशवी. नाशिकला हल्ली सायकलींचं कौतुक फार. रविवारी सकाळी घट्ट कपडे घालून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला निघतात, फोटो काढतात, मिसळ खातात, परत येतात. त्यात वाईट काही नाही, पण ताई त्यातली नव्हती. तिचे कधी फोटो नव्हते. ती साडी खोचून कामाला जाणारी सायकलवाली होती आणि अशांना शहर मोजत नाही. मी तिला चिडवायची, आता तरी स्कूटी घे गं, म्हातारी दिसतेस. ती म्हणायची, स्कूटीवर माणसं दिसत नाहीत, नुसते रस्ते दिसतात.

पुढे तो पूल झाला आणि खालचा चौक बिघडला. पूर्वी हायवेने निघून जाणाऱ्या गाड्या आता खाली उतरून वसाहतीकडे वळायला लागल्या, लांबच लांब कंटेनर. ताईने चौकाचा अभ्यासच केला म्हणा ना. मग शहर सुंदर करायची टूम निघाली आणि रस्त्याच्या डाव्या कडेला सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवला गेला. उद्घाटनाला ताईलाही बोलावलं होतं, खऱ्या सायकलवाल्या म्हणून. ती पट्टा बघून आली. संध्याकाळी मला घेऊन चौकात गेली. म्हणाली, शालू, हा पट्टा कुठे नेऊन सोडतो बघ. बघितलं तर तो सरळ सिग्नलच्या रेघेपर्यंत जात होता, अगदी डाव्या कडेने, म्हणजे जिथे अण्णांनी तिला लाल फ्रॉकमध्ये उभी केली होती नेमकं तिथे. वळणारा ट्रक उजवीकडे येऊन थांबला की पट्ट्यावरची सायकल त्याच्या पोटाशी. ती त्या कामाच्या साहेबांना भेटायला गेली. मीही गेले होते सोबत, भांडण झालं तर असावं कोणी म्हणून. ताईने शांतपणे सांगितलं की ट्रकची रेघ मागे घ्या आणि सायकलींना पुढे उभं राहायला जागा द्या, ड्रायव्हरच्या काचेसमोर, म्हणजे दिसतील. साहेब चांगले होते, हसतमुख. म्हणाले, मॅडम, तुमची कल्पना छान आहे, पण रेघ काय, ट्रकवाले पाळतात का? आणि सायकली अशा किती जातात हो त्या चौकातून? ताई म्हणाली, मी जाते. साहेब पुन्हा हसले.

शेवटची भेट म्हणाल तर काही विशेष नाही. आदल्या संध्याकाळी गेले होते तिच्याकडे, लिंबाचं लोणचं आणायला. ती गॅलरीत बसून पोरांच्या गॅदरिंगसाठी पुठ्ठ्याचे मुकुट कापत होती. दाजींनी टीव्ही मोठ्याने लावला होता म्हणून आम्हीही मोठ्याने बोलत होतो, कशावरून तरी वाद झाला, बहुतेक दादावरूनच. दादाने त्या सुमाराला गाड्यांवरचे क्लीनर काढून टाकले होते. सगळ्यांनीच काढले, तो म्हणायचा, परवडत नाही, आणि नव्या गाड्यांना मोठाले आरसे येतात. ताईला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, त्याचा धंदा त्याला कळतो, तू कशाला डोकं पिकवतेस. ती कात्री चालवत म्हणाली, आरसा पत्रा वाजवत नाही गं. मग खाली सोडायला आली, बरणी नीट ठेव म्हणाली, मागे वळून रस्ता बघितला आणि माझ्या सीटवर दोन ठोके दिले. मी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. रोजचंच होतं.

दहाव्याला पिंपळगावहून दादाचे धंद्यातले लोक आले. ट्रकवाले, ट्रान्सपोर्टवाले, ओट्यावर टेकून बसलेले, जड आवाजात बोलणारे, सगळे अण्णांना मानणारे. मी आत पाणी भरत होते आणि बाहेर दादाचा आवाज ऐकला. "आता कोणाला बोल लावायचा," तो म्हणत होता, "आमची विमलच डावीकडून घुसली. ड्रायव्हर तरी काय करील?" बाकीचे हं हं करत होते. पोलिसांच्या कागदातही हेच आलं होतं आणि पेपरातही, की सायकलस्वार महिला डाव्या बाजूने पुढे जाण्याचा प्रयत्न करत असताना. ते मी गिळलं होतं. पेपरवाल्याला काय माहीत ताई कोण होती. पण दादाने म्हणावं? ज्याने तिला अण्णांच्या ट्रकच्या डावीकडे उभी असलेली बघितलं होतं, जो त्या दिवशी टपावर चढून हसत होता, त्याने? माझ्या हातातली कळशी मी तशीच खाली आदळली. बाहेर जाऊन भांडले असते, पण दाजी समोर बसले होते, त्यांना काही ऐकू येत नव्हतं आणि ते सगळ्यांकडे बघून मान हलवत होते... मी परत आत आले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, की बाकी जगाने काहीही म्हणावं, पण दादाने हे वाक्य परत घ्यायला पाहिजे. ताई घुसणाऱ्यातली नव्हती. गेली ती गेली, पण जाताना अण्णांची शिकवण विसरून गेली असं तिच्या नावावर लागायला नको.

दुसऱ्या दिवशी मी चौकात गेले. टपरीवाल्याला ताई माहीत होती, त्याची नात तिच्याच बालवाडीत. तो माझ्याकडे न बघता कपबशा विसळत राहिला आणि सांगत गेला. ताई आधी येऊन उभी होती, लाल दिव्याला, पट्ट्यावर, एक पाय खाली टेकून. ट्रक तिच्या नंतर आला आणि तिच्या उजवीकडे येऊन थांबला. म्हणजे घुसली नाही. तो तिच्यावर येऊन उभा राहिला. दिवा सुटल्यावर ती सरळ निघाली आणि तो तिच्यावरच वळायला लागला. मी विचारलं, ओरडली का? तो म्हणाला, ओरडल्या नाहीत, हात मारला गाडीवर. मग परत एकदा मारला. मी म्हटलं, दोनदा? तो म्हणाला, हो बाई, एकदा मारला, गाडी थांबली नाही, मग अजून एकदा... तिसऱ्यांदा वेळच नाही मिळाला. मी तिथल्या बाकावर बसले. त्याने चहा पुढे केला, तो मी घेतला नाही. त्याला हे पोलिसांना का सांगितलं नाहीस असंही मी विचारलं. कोणी विचारलंच नाही, तो म्हणाला, त्यांनी मला टपरी बाजूला घे एवढंच सांगितलं.

ताईची सायकल सोडवायला मी आणि दादा पोलीस ठाण्यात गेलो. टपरीवाल्याचं मी दादाला गाडीत सांगितलं होतं. तो रस्त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, टपरीवाला काय, कायबी सांगतो. ठाण्याच्या आवारात तो ड्रायव्हर भेटला, जामिनावर सुटलेला, हजेरीला आला होता. चांदवडकडचा, तिशीतला असेल, डोळे सुजलेले. मला बघून त्याने मान खाली घातली, पण दादाला बघून पुढे आला. ट्रकवाला ट्रकवाल्याशीच बोलतो. हात जोडून म्हणाला, "शेठ, काच वर व्हती, पण मला ऐकू आलं. दोनदा पत्रा वाजला. मला वाटलं ट्रॅफिकवाला काढून देतोय, चल म्हणतोय... म्हणून मी दाबली." चौकात हवालदार तसंच करतात, खरं आहे ते, गाडी रेंगाळली की पत्र्यावर दोन ठोके मारून काढून देतात. त्याच्याजवळ डावीकडे बसलेलं कोणी नव्हतं, जो म्हणेल की अरे थांब, खाली बाई आहे. पहिल्या ठोक्याला काय वाटलं, मी विचारलं. माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला असणार, कारण हवालदाराने वर बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, "पहिला आन् दुसरा असं नाय कळलं बाई. दोनच कळले."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला, नाही असं नाही, त्याने आरशात बघितलं नाही, वळायचा दिवा दिला होता की नाही देव जाणे. पण खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ताईने पहिला ठोका बरोबर दिला होता. अण्णांनी शिकवला तसा. तिचा विश्वास होता की ट्रक म्हणजे ट्रक, एक ठोका पडला की थांबणारच, मग विचारणार. तो थांबला नाही म्हणून तिने दुसरा दिला. मरताना हात आवरायला कोणाला सुचतं हो? आणि त्या दुसऱ्या ठोक्याने तिनेच त्याला सांगितलं, की चल. पिंपळगावच्या ट्रकवाल्याची पोर नसती, नुसती किंचाळली असती, तर कदाचित... हे 'कदाचित' मी रोज रात्री उशाशी घेऊन झोपते. दादाने ते सगळं ऐकलं आणि ठाण्याच्या पायरीवर बसकण मारली. त्याला मी काही समजावून सांगायची गरज नव्हती. आख्ख्या नाशिक जिल्ह्यात हे ज्यांना लगेच कळेल अशी जी माणसं असतील, त्यातला तो एक. त्याने सायकल टेम्पोत चढवली, वाकलेलं पुढचं चाक हाताने सरळ करायचा उगाच प्रयत्न केला. पण दहाव्याला बोललेलं वाक्य तसंच राहिलं.

मधल्या काळात शहराने आपलं कर्तव्य पार पाडलं. ताईच्या नावाने सायकल फेरी निघाली. फेरीसाठी तो चौक सकाळभर ट्रकना बंद ठेवला होता, म्हणजे एक दिवस का होईना जमलं म्हणायचं. पाहुणे मोठ्या गाडीतून आले, झेंडा दाखवला, पोरांना टोप्या वाटल्या आणि गेले. माझ्या हातात माईक दिला होता, तो मी परत दिला, कारण मी बोलले असते तर टोप्या परत मागाव्या लागल्या असत्या. पुढच्या आठवड्यात चौकात फलक लागला, 'सायकलस्वारांनो, सावधान'. आणि हिरवा पट्टा पुन्हा रंगवला. त्याच जागी, सरळ रेघेपर्यंत, जरा जास्तच गडद. रंग ओला असताना मी स्कूटर थांबवून बघत राहिले. रंगवणारा म्हणाला, बाई, चाक नका घालू, डाग पडेल.

गेल्या आठवड्यात मी पिंपळगावला गेले. ताईचा फोटो फ्रेम करून झाला होता, तो दादाच्या ऑफिसात अण्णांच्या शेजारी लावायचा होता. तशी दाजींची इच्छा होती, माझी नव्हती. फोटो लावून झाला, हार घातला. दादा मला अंगणात घेऊन गेला, म्हणाला, तुला कायतरी दाखवायचं हाय. सगळ्या गाड्यांच्या मागे त्याने पिवळे स्टिकर लावले होते, 'डावी बाजू धोक्याची, अंतर ठेवा'. लय दिवसांपासून मनात होतं, तो म्हणाला, विमलसाठी केलं. मला सांगायला लाज वाटत नाही, माझं डोकं फिरलं. तिच्यासाठी? जी अंतर ठेवून आधी येऊन उभी होती तिला हा सांगणार अंतर ठेव? मी काही बोलायच्या आत एक गाडी कांदा भरून निघाली. ड्रायव्हर एकटाच, डावीकडची जागा रिकामी, तिथे पाण्याची बाटली आणि डबा ठेवलेला. गाडी आमच्यासमोरून वळायला लागली आणि मी काय करते आहे ते मला कळायच्या आत मी पुढे झाले आणि पत्र्यावर हात मारला. एकदा. सगळ्या जोरानिशी.

गाडी जागच्या जागी थांबली. हवेच्या ब्रेकचा तो फुसकारा आला आणि थांबली. ड्रायव्हरने उजवीकडून डोकं बाहेर काढून विचारलं की काय झालं. दादा मागून आला. "शालू, गाडी सोड, माल हाय त्यात," तो म्हणाला. मी पत्र्यावरचा हात काढला नाही. पत्रा तापलेला होता, तळहात भाजत होता. मी म्हटलं, सोडते. आधी सांग, डावीकडे कोण आहे? दादाने वर बघितलं. "कोणी नाय," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग ताईने पहिला ठोका दिला तो कोणाला?"

दादाचं वय आता पासष्टच्या पुढे, गुडघे गेलेले, पोट सुटलेलं. ड्रायव्हरने गाडी बंद केली. अंगणात कांदे भरणाऱ्या बायका होत्या, त्यांनीही हात थांबवले. "घुसली नव्हती ती," दादा म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "विमल घुसली नव्हती. ती बरोबर उभी व्हती." मग तो डाव्या दाराशी गेला, दांडा धरला आणि चढायला लागला. पहिल्यांदा पाय पोचला नाही. मी मदत केली नाही, करावीशी वाटली नाही. दुसऱ्यांदा चढला, बाटली आणि डबा बाजूला सारला, काशिनाथच्या जागेवर बसला, दारातून अर्धा बाहेर वाकला, मागे बघितलं, पुढे बघितलं आणि पत्र्यावर दोन ठोके दिले. गाडी निघाली. त्या दिवशी तो थेट नाशिकपर्यंत गेला म्हणे, त्या चौकातूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी ती जागा भरली का, हे मी विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे.

ताईची सायकल दाजींनी गॅलरीत ठेवली आहे, वाकलेल्या चाकासकट, टोपलीत अर्धवट कापलेले मुकुट. मी संध्याकाळी जाते, दाजींचा चहा करते, टीव्हीचा आवाज कमी करते, ते पुन्हा वाढवतात. निघताना खाली येते, स्कूटर चालू करते. मागे वळून रस्ता मीच बघते, मोकळाच असतो. तरी गाडी पुढे काढत नाही. मागची सीट वाजत नाही तोवर माझा पाय जमिनीवरून उचलत नाही... मग वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून विचारतात, काय झालं, पेट्रोल संपलं का? मी म्हणते, नाही, जाते. आणि उभीच राहते.